बेळगावचा कंटेनर कुठं पाठवायचा: मुरगाव की न्हावा-शेवा?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, पहिली एक्स्पोर्ट ऑर्डर हातात पडली की जो तो नकाशा बघतो. गोव्यातलं मुरगाव बंदर दीडशे किलोमीटरच्या आसपास, मुंबईजवळचं न्हावा-शेवा साडेचारशेच्या वर. मग विचार कसला करायचा? पहिल्या खेपेला मीही असंच म्हटलं होतं.

पण बंदर जवळ असून भागत नाही, आपल्या मालाचं जहाज तिथं लागावं लागतं. मुरगाव मुळात खनिजाचं बंदर. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि बंदराची भिस्त तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जाणाऱ्या कोळशावर आली. कंटेनर तिथं थोडेच उतरतात, म्हणजे रिकामे डबेही थोडेच. फौंड्रीच्या दारात माल भरायचा तर आधी रिकामा डबा यायला हवा. तो लांबून आणावा लागला की जवळच्या बंदराचं वाचलेलं भाडं तिथंच गेलं. शिवाय बहुतेकदा छोटं फीडर जहाज, मग दुसऱ्या बंदरात मोठ्या जहाजावर चढवणं. गिऱ्हाईक युरोपात असेल तर यात जाणारे जादा दिवस त्याला आधी सांगा.

न्हावा-शेवा 1989 मध्ये सुरू झालं, तेच मुंबईच्या गोदीतली गर्दी कमी करायला. डबे भरपूर, मोठ्या जहाज कंपन्यांची जहाजं नेमानं. रस्ता चौपदरी. त्रास नाही असं नाही: एकदा आमचा ट्रेलर खंबाटकी घाटात रात्रभर अडकला, कटऑफ (बंदरात डबा पोचवायची शेवटची वेळ) हुकला आणि डबा पुढच्या जहाजावर गेला.

मुरगावच्या वाटेवर चोर्ला नाहीतर अनमोड घाट येतोच. पावसाळ्यात दरड पडली की अवजड गाड्या आधी थांबवतात. रेल्वेचंही तेच, कॅसलरॉक ते कुळे घाटात चढ-उतार 1:37, म्हणजे 37 मीटरला एक मीटर, मालगाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. तरी याच रेल्वेनं एकेकाळी बाजी मारली होती. हिंडलग्यावरून जाणाऱ्या रस्त्याला आपण अजून वेंगुर्ला रोड म्हणतो. बेळगावचा माल घाट उतरून तिकडेच जायचा, पण ते बंदर पावसाळ्यात बंद. मुरगाव बारमाही. 1888 च्या सुमारास रेल्वे घाट चढून आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरत गेला.

कारवार मी हिशेबात धरलेलं नाही. बंदर लहान आहे.

महिन्याला एक-दोन वीस फुटी डबे असतील तर माझं मत न्हावा-शेवाला. कोळसा-कोकसारखा सुटा माल जहाजानं मागवणार असाल तर मात्र मुरगावच. आखातात माल जाणार असेल तर दोन्हीकडच्या क्लिअरिंग एजंटांकडून दर मागवा, पण दारापासून जहाजापर्यंतचा, आणि त्यात रिकामा डबा आणायचं भाडं लिहून घ्या. जून ते सप्टेंबरचा दर वेगळा विचारा.