स्ट्रिंग की लूप? ब्लॅक होलपुरतं बोलतो
रात्रीची लाईट होती म्हणून केळीला पाणी धरलं होतं, भाच्याने विचारलं, मामा, गुरुत्वाकर्षण आणि क्वांटमचा मेळ घालणाऱ्या स्ट्रिंग आणि लूप या दोन थिअऱ्यांतली चांगली कोणती? ब्लॅक होलची एन्ट्रॉपी (आत किती सूक्ष्म रचना दडू शकतात त्याचं माप) म्हणजे प्लँक एककात (अतिसूक्ष्म लांबीवर बेतलेल्या मापात) क्षितिजाच्या, म्हणजे जिथून उजेडही परत येत नाही त्या कडेच्या, क्षेत्रफळाचा पाव भाग, दोघींना तिथंच पोचायचंय. स्ट्रॉमिंजर आणि वाफा या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ ला स्ट्रिंगमधून तो पाव बरोब्बर मोजून काढला, पण ठराविक जातीच्या ब्लॅक होलसाठी, वर लांबी-रुंदी-उंची-काळापलीकडच्या जादा मिती मानायच्या. लूपमध्ये क्षेत्रफळच तुकड्या-तुकड्यांचं, मी बांधावरच्या चिखलात काडीने चौकटी काढून दाखवल्या, साधा ब्लॅक होलही चालतो, फक्त पाव यायला इमिर्झीचा आकडा (लूपमधला एक मोकळा स्थिरांक) जुळवावा लागतो आणि तेच मला खटकतं. तरी माझा जीव लूपवरच, १९८६ ला तिचा पाया घालणारे अभय अष्टेकर आपल्या शिरपूरला जन्मलेत भो!