क्लिपचे पारदर्शक डबे आणि घरचा कापडसाठा: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात पाचवी क्लिप तुटली, तेव्हा हा अनुभव लिहून काढायचे ठरवले. शिवणकामासाठी साठवलेले कापड ठेवायला मी अकरा महिन्यांपूर्वी झाकणाला दोन बाजूंनी क्लिपा असलेले सहा पारदर्शक डबे घेतले. एकूण 12 क्लिपांपैकी 5 आता कामातून गेल्या आहेत. असे डबे बहुतेकांनी पाहिलेले असल्यामुळे त्यांचे वर्णन करत बसत नाही. मला लिहायचे आहे ते या क्लिपांविषयीच, कारण एवढ्याशा भागाने माझी कापड ठेवण्याची सगळी पद्धत बदलायला लावली.

क्लिपच्या खालच्या टोकाला दोन बारीक खुंट्या असतात, त्या डब्याच्या काठात अडकतात आणि वरचे टोक झाकणावर दाबून बसवायचे असते. डबा गच्च भरलेला असला की आतले कापड झाकणाला वर ढकलत राहते आणि तो सगळा ताण खुंट्यांच्या मुळाशी येतो. तिथे आधी केसासारखी पांढरट रेघ उमटते आणि मग काही आठवड्यांनी, नेहमीसारखी क्लिप लावत असताना, खुंटी कट्कन तुटते. डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा आहे, म्हणजे डबा पॉलिप्रोपिलीनचा आहे. हे प्लॅस्टिक इतके चिवट असते की झाकण आणि डबा एकाच तुकड्यात जोडणारी पातळ बिजागरीसुद्धा त्याची करतात आणि ती हजारो वेळा दुमडली तरी तुटत नाही. क्लिप मात्र हाताला कडक आणि ठिसूळ लागते. ज्या भागाची रोज उघडझाप व्हायची, तोच कच्चा ठेवावा हे मला आजही पटत नाही.

पहिली क्लिप चौथ्या महिन्यात तुटली. मी छायाचित्रांसह निर्मात्यांना लिहिले. हमी फक्त डब्याला आहे, झाकणाला आणि क्लिपांना नाही, असे पहिले उत्तर आले. क्लिप विकत द्या, असे कळवल्यावर ती सुटी मिळत नाही, नवा डबा घ्यावा, असे दुसरे उत्तर आले. बोटाएवढ्या तुकड्यासाठी धडधाकट डबा टाकून द्यायचा, हा सल्ला मी मानला नाही. तिसऱ्या पत्राला उत्तरच आले नाही. त्या वेळी मी हे लिहिले असते, तर डबे अजिबात घेऊ नका, एवढेच लिहिले असते.

पुढच्या काही महिन्यांत माझे मत बदलले. क्लिप तुटलेल्या डब्याचे झाकण मी नुसतेच वर ठेवू लागले आणि लक्षात आले की सर्वांत जास्त तोच डबा उघडला जातो आणि त्यातलेच कापड बेतायला घेतले जाते. बाकीच्या डब्यांत कापड एकावर एक रचलेले होते. तळाचा तुकडा काढायचा म्हणजे सगळा ढीग उपसायचा, पुन्हा रचायचा आणि झाकण दाबून क्लिप लावायची. दोष क्लिपचा होता तसाच माझ्या रचण्याचाही होता, हे मान्य करायला हवे.

म्हणून सर्व कापड काढून उभ्या घड्या केल्या, आणि त्याला काहीही खर्च आला नाही. घरी आलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे 15 सेंटीमीटर रुंद आणि 28 सेंटीमीटर लांब तुकडे कापले. सुती कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बहुधा 110 सेंटीमीटरच्या आसपास असतो. त्याची किनार किनारीला जुळवून एकदा आणि मग पुन्हा एकदा दुमडले की सुमारे 27 सेंटीमीटरची पट्टी होते. ती पुठ्ठ्याभोवती गुंडाळायची. एका वेढ्यात 30 सेंटीमीटर कापड जाते, त्यामुळे एका मीटरला तीनहून थोडे अधिक वेढे पडतात. शेवटचे टोक आत खोचायचे. टाचणी लावू नये, कारण ती गंजते, आणि रबर लावू नये, कारण ते कालांतराने चिकट होऊन डाग सोडते. पुठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने लांबी, पन्हा आणि कापड धुतलेले आहे की नाही, एवढे लिहावे. माझे डबे आतून 40 सेंटीमीटर लांब आणि 18 सेंटीमीटर उंच आहेत. त्यात असे 25 तुकडे फळीवरच्या पुस्तकांसारखे उभे राहतात, वर तीन सेंटीमीटर मोकळे उरतात आणि झाकणावर कसलाच दाब येत नाही. ही पद्धत सुरुवातीपासून वापरली असती, तर निदान तीन क्लिपा वाचल्या असत्या, असे मला वाटते.

साधा पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि पांढऱ्या कापडाला दीर्घकाळ टेकून राहिला तर पिवळसर डाग पडतात. म्हणून पांढऱ्या आणि रेशमी तुकड्यांखालच्या पुठ्ठ्याला जुन्या, स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाचे वेष्टन घातले आहे. ज्या पारदर्शक पिशव्यांना नव्या रेनकोटसारखा उग्र वास येतो, त्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. त्यांत कापड वर्षानुवर्षे ठेवू नये. डांबरगोळ्या मी वापरत नाही, कारण त्यांचा वास कापडातून लवकर जात नाही आणि काही प्लॅस्टिके त्यांच्यामुळे मऊ पडतात.

एका क्लिपबंद डब्यात मी नीट न वाळलेले कापड ठेवले होते आणि त्याला कुबट वास लागला. नुसते झाकण ठेवलेल्या डब्यांत असे एकदाही झाले नाही. तेव्हा सुती कापडाला घट्ट क्लिपांची गरज नाही, हे माझे आताचे मत आहे. लोकर आणि रेशीम यांचे तसे नाही. त्यांना कसर लागते, आणि नुकसान पतंग करत नसून त्याच्या अळ्या धागा खातात, म्हणून मादीला अंडी घालायला आत शिरताच येऊ नये, यासाठी झाकण घट्टच हवे. जुने लोकरी कापड आणले, तर पिशवीत बंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान आठवडाभर ठेवते, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ते खोलीच्या तापमानाला येऊ देते आणि मगच डब्यात घालते.

शाबूत राहिलेल्या 7 क्लिपांपैकी 4 मी आता लोकरीच्या आणि रेशमाच्या डब्यांना लावल्या आहेत. उरलेल्या 3 एका पाकिटात घालून लोकरीच्या डब्यातच ठेवल्या आहेत, म्हणजे पुढची क्लिप तुटली की कोणाला पत्र लिहावे लागणार नाही.