पीडीएफइमेजेस वापरून बघितलं: टूल फुकट, नकाशा कडक

दर रविवारी आमचा डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर नकाशा मांडून, एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ) ग्रुप राजारामपुरीत माझ्या घरी जमतो, पाच टाळकी, आणि गेम मी चालवतो म्हणून नकाशे छापून आणायची हमाली पण माझ्याच गळ्यात. सिनॅरिओ, म्हणजे खेळायच्या तयार गोष्टी, विकत घेतलेल्या पीडीएफमध्ये असतात, तिथं नकाशा ए४ पानावर एवढासा, आणि टेबलावर मात्र एक चौकोन एक इंचाचा पाहिजे, नाहीतर मिनिएचर (पात्राची छोटी मूर्ती) चौकोनात मावतच नाही.

वर्षभर मी काय करत होतो तर स्क्रीनशॉट. झूम करायचं, चार तुकडे घ्यायचे, जोडत बसायचं आणि छापून आलं की भिंतींचा नुसता धुरळा. मग ऑफिसातल्या एका मित्रानं पीडीएफइमेजेस सांगितलं, पीडीएफच्या आतली चित्रं बाहेर काढणारं टूल. उबंटूवर (लिनक्स) पॉपलर-युटिल्स नावाचं पॅकेज टाकलं की त्यातच येतं. खिडकी नाही, बटण नाही, काळ्या स्क्रीनवर कमांड मारायची, त्यामुळं पहिले दोन दिवस मी हात लावला नाही हे खरं.

आधी 'डॅश लिस्ट' लावून चालवा, काही बाहेर काढत नाही, फक्त कुठल्या पानावर कुठली इमेज किती पिक्सेलची ते दाखवतं. माझा नकाशा निघाला ३६०० बाय २४००, पुढं पीपीआय, म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, ४५०. मी लगेच खूश, पण तो आकडा पानावरच्या ८ इंच रुंदीचा आहे भावा. नकाशा २४ चौकोन रुंद, म्हणजे २४ इंचाला ताणला की उरले १५०. टेबलाला तेवढं पुरतं, तीन फुटांवरून कोण भिंग लावून बघतंय.

मग 'डॅश ऑल'. जेपीजी आत जशी आहे तशीच बाहेर येते, परत कॉम्प्रेस होत नाही. पण पान नंबर द्यायला विसरू नका, मी विसरलो आणि फोल्डरमध्ये ढीगभर फाइली पडल्या, प्रत्येक पानामागचं तेच ते जुनाट कागदाचं चित्र. 'डॅश एफ' नि 'डॅश एल'नं पहिलं-शेवटचं पान दिलं की सुटलं.

आता सगळ्यात भारी गोष्ट. खोल्यांचे नंबर आणि गुप्त दाराचा 'एस' बऱ्याचदा इमेजवर वेगळा टेक्स्ट म्हणून बसवलेला असतो, तो इथं येतच नाही! खेळाडूंसाठी कोरा नकाशा आयता मिळतो. आमचा चोर खेळणारा गडी परवा अर्धा तास चुकीची भिंत ठोकत बसला, मला हसू आवरेना. अर्थात काही नकाशांत नंबर चित्रातच रंगवलेले असतात, तिथं इलाज नाही.

एक स्टार कापतोय तो व्हेक्टर नकाशांसाठी. रेषांनी काढलेला नकाशा असेल तर हे टूल हात वर करतं, लिस्ट रिकामी. तिथं त्याच पॅकेजातलं पीडीएफटूपीपीएम घ्यायचं, ते अख्खं पानच चित्र करून देतं, मी 'डॅश आर', म्हणजे पीपीआय, ४५० ठेवतो. फक्त नंबर परत येतात. कधी मोठा नकाशा पट्ट्यापट्ट्यांत कापून पण निघतो, मग बसा गिम्पमध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) शिवत.

छपाईचं म्हणाल तर पोस्टरेझरनं (मोठं चित्र कागदांच्या मापात कापून देणारं सॉफ्टवेअर) ए४ चे ८ उभे कागद झाले. पहिल्यांदा झेरॉक्सवाल्यानं 'फिट टू पेज' ठेवून मारलं, पट्टी लावली तर इंचाला इंच भरेना, सगळं परत छापलं. 'अ‍ॅक्च्युअल साइज' म्हणून दोनदा सांगा आणि पहिला कागद तिथंच मोजा. आता मी सरळ फ्लेक्सवर काढून आणतो. गुंडाळी सोडली की कोपरे वर येतात म्हणून चारी बाजूला मिसळीच्या वाट्या ठेवतो, गेल्या रविवारी कट सांडला तर फडक्यानं पुसला, कागद असता तर अख्खा किल्ला तर्रीत गेला असता.