सोसायटीचं दप्तर ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) सॉफ्टवेअरवर टाकून काही महिने झाले: सॉफ्टवेअर झकास, डॉक्युमेंटेशनने मात्र रडवलं

स्पेक्स सांगत बसत नाही, कागद स्कॅन करून, ओसीआर करून (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून) शोधता येतील असे साठवणारं सेल्फ-होस्टेड, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारं, सॉफ्टवेअर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. नेरुळला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना पीसी पडून होता, त्यावर लिनक्स आणि डॉकर (सॉफ्टवेअरचा प्रत्येक भाग कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) टाकून कपाटातल्या फायली चढवल्या. सिडकोची पत्रं, लीज डीड, शेअर सर्टिफिकेटं, एजीएमची मिनिट्स, लिफ्टच्या एएमसीची बिलं, सगळंच. रिडेव्हलपमेंटचं बोलणं सुरू झाल्यापासून रोज कोणीतरी कुठलातरी कागद मागतंच. व्हेंडरने दरवर्षी पैसे लागणारं कोटेशन दिलं होतं, लोकांच्या मेंटेनन्समधून तो खर्च करणं मला पटलं नाही, म्हणून हा मार्ग.

पहिले काही महिने मी खूश होतो, आणि तेही डॉक्समुळेच, म्हणजे डॉक्युमेंटेशनमुळे. मराठी ओसीआरसाठी खाली टेसरॅक्ट नावाचं अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालतं, मूळ एचपीचं, २००५ मध्ये ओपन सोर्स झालेलं. त्याच्या डॉक्समध्ये सरळ लिहिलंय की स्कॅन किमान ३०० डीपीआयचा (एका इंचात तेवढे ठिपके) ठेवा, मराठीचा कोड ‘mar’ ही तीन अक्षरं, दोन भाषा हव्या तर मध्ये अधिकचं चिन्ह. आमचा स्कॅनर १५० वर होता. ३०० केल्यावर सिडकोच्या जुन्या पत्रांतली जोडाक्षरंसुद्धा बऱ्यापैकी यायला लागली. हाताने लिहिलेली मिनिट्स अजून येत नाहीत, ती अपेक्षाही नव्हती.

मग एके दिवशी नेहमीसारखं अपडेट केलं आणि सगळं बंद. डेटाबेसचा कंटेनर सुरू व्हायचा आणि लगेच पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका सभासदाची ट्रान्स्फरची फाईल बँकेला द्यायची होती, ते काका रात्री दोनदा फोन करून विचारत होते. लॉगमध्ये बघितलं तर पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे आतला डेटाबेस, स्पष्ट सांगत होतं की ही डेटा डिरेक्टरी १५ नंबरच्या आवृत्तीने बनवलीय आणि मी १६ आहे, जमणार नाही. आता हे झालं कसं? तर प्रोजेक्टच्या इन्स्टॉलेशनच्या पानावर जी नमुना कम्पोज फाइल (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी) दिलीय तिच्यात डेटाबेसच्या इमेजपुढे ‘लेटेस्ट’ टॅग होता, म्हणजे जी सगळ्यात नवी आवृत्ती असेल ती आपोआप येणार, आणि अपग्रेडचं पान म्हणजे थांबवा, नवीन ओढा, सुरू करा, एवढंच. डेटाबेसच्या मेजर (मोठ्या बदलाच्या) आवृत्तीबद्दल एक अक्षर नव्हतं. बॅकअप घ्या असं लिहिलं होतं, पण तो परत कसा चढवायचा ते कुठेच नव्हतं.

आणि माझा खरा राग पुढेच आहे. त्यांच्या डॉक्समधल्या ज्या सेटिंगची नावं मी शोधत होतो ती माझ्या फाइलमध्ये नव्हतीच, कारण साइटवरची डॉक्स डेव्हलपमेंट ब्रँचवरून (जिथे पुढच्या आवृत्तीचं काम चालू असतं) बनतात, म्हणजे अजून रिलीजही न झालेल्या सॉफ्टवेअरची. पानावर कुठेही लिहिलेलं नाही की हे कुठल्या आवृत्तीसाठी आहे. रात्री अकरा वाजता, बंद पडलेल्या मशीनसमोर बसलेल्या माणसाने हे कसं ओळखायचं?

शेवटी तारलं ते पोस्टग्रेसक्यूएलच्या डॉक्सनी. तिथल्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर आवृत्त्यांची एक ओळ असते, १५ वर क्लिक केलं की तेच पान १५ चं, १६ वर केलं की १६ चं. सपोर्ट संपलेल्या आवृत्त्यासुद्धा ठेवल्यात, पार जुन्या-जुन्या. अपग्रेडच्या पानावर सांगितलंय की १० पासून पहिला आकडा म्हणजे मेजर आवृत्ती, तो बदलला की डेटा साठवायची पद्धत बदलू शकते, म्हणून डंप (सगळ्या डेटाची एका फाइलमधली प्रत) काढून नव्यात चढवा, आणि डंप काढायला शक्यतो नव्या आवृत्तीचाच प्रोग्राम वापरा. मी १५ चा कंटेनर परत उभा केला, १६ च्या प्रोग्रामने डंप काढला, रिकाम्या डिरेक्टरीत चढवला, पहाटेपर्यंत सगळे कागद जागेवर. काकांची फाईल वेळेत गेली. ती एक ओळ, आवृत्त्यांची, मला सगळ्या फीचर्सपेक्षा मोठी वाटते आणि मी हे प्रत्येकाला ऐकवत असतो.

खजिनदार म्हणाले, अहो फुकट आहे ना, मग तक्रार कसली? मला हे पटत नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, रात्रभर जागणाऱ्याचा वेळ फुकट नाही, आणि उद्या मी कमिटीत नसलो तर पुढच्या माणसाकडे डॉक्सच्या पानाशिवाय दुसरं काय असणार?

अपडेट: वरचं लिहून झाल्यावर प्रोजेक्टला सविस्तर कळवलं. उत्तर सभ्य आलं, म्हणाले दुरुस्ती पाठवा, आम्ही घेऊ. मी नमुना फाइलमध्ये ‘लेटेस्ट’ काढून आवृत्तीचा नंबर टाकला आणि डंप-रिस्टोरचा परिच्छेद लिहून पाठवला, दोन्ही घेतले. त्यामुळे माझा सूर थोडा बदललाय. दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून हे चालवतात. गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या २०१७ च्या ओपन सोर्स सर्व्हेत ९३ टक्के लोकांनी अपुरी किंवा जुनाट डॉक्स ही मोठी अडचण असल्याचं सांगितलं होतं, आणि त्याच सर्व्हेत ६० टक्के योगदान देणारे डॉक्ससाठी क्वचितच काही करतात किंवा करतच नाहीत असं निघालं. म्हणजे त्रास सगळ्यांना होतो आणि लिहायला कोणी बसत नाही. पोस्टग्रेसमध्ये डॉक्स कोडबरोबर एकाच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) असतात, नवीन फीचरच्या पॅचबरोबर (पाठवलेल्या बदलाबरोबर) डॉक्सही यावेत अशी तिथे अपेक्षाच असते, मला वाटतं फरक तिथे पडतो.

पण आवृत्ती निवडायची सोय अजून आली नाहीये. रीड द डॉक्ससारख्या, डॉक्स ठेवायच्या सेवेवर ओपन सोर्स प्रोजेक्टना वेगवेगळ्या आवृत्त्यांची डॉक्स ठेवता येतात, पैसे न देता, हे मी त्यांना कळवलंय. सॉफ्टवेअरला साडेचार स्टार, डॉक्सना आधी दीड देणार होतो, आता अडीच. सीवूड्सच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी हेच बसवायचं म्हणतायत, त्यांना मी एवढंच सांगितलंय की आधी रिकाम्या मशीनवर बॅकअप परत चढवून बघा, ते जमलं तरच मूळ कागद कपाटातून हलवा.