विमा नसलेल्या आईचे बिल आणि विवरणपत्र भरून देणारी सेवा

आर्थिक वर्ष २०२४-२५ चे प्राप्तिकर विवरणपत्र मी या वेळी एका ऑनलाइन सेवेमार्फत भरले. पगार, व्याज आणि टीडीएसचे (आधीच कापलेल्या कराचे) आकडे फॉर्म १६ (नोकरी देणाऱ्याने दिलेले पगार व करकपातीचे प्रमाणपत्र) व एआयएसवरून (प्राप्तिकर खात्याकडील आपल्या व्यवहारांच्या वार्षिक माहितीपत्रकावरून) आपोआप भरले जातात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरी अडचण आली ती वजावटींच्या पानावर.

तिथे पहिलाच प्रश्न होता, आरोग्य विम्याचा हप्ता भरला आहे का? 'नाही' म्हणताच पान पुढे सरकले. माझ्या ७२ वर्षांच्या आईला मधुमेहामुळे पॉलिसी मिळालेली नाही, आणि जानेवारीत तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे ६४,००० रुपयांचे बिल मी स्वतः भरले होते. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८० डी मध्ये नेमकी अशा घरांसाठी तरतूद आहे: साठी ओलांडलेल्या, भारतात निवासी असलेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचारांवर आपण केलेला खर्च ५०,००० रुपयांपर्यंत आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करून मिळतो, आणि त्यासाठी ते आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत असेही नाही. विवरणपत्रात या खर्चाचा स्वतंत्र रकाना असतो. जिच्याकडे विमा नाही तिच्यासाठी केलेली सवलत विम्याच्या प्रश्नाआड दडवून ठेवणे ही मला गंभीर चूक वाटते.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या आणि नव्या करप्रणालीची तुलना या पानाच्या आधीच दाखवली जाते. नव्या प्रणालीत ८० डी ची वजावट मिळत नाही आणि आता तीच आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर नोकरदाराने मुदतीत विवरणपत्र भरताना ती निवडावी लागते. वैद्यकीय खर्च धरण्याआधीच केलेल्या तुलनेवर कोणी विसंबला, तर त्याचे नुकसान होऊ शकते.

सुदैवाने मी सल्लागारासह असलेले पॅकेज घेतले होते. फोनवरच्या बाईंनी बिल पाहताच विचारले, "आईंची पॉलिसी नाही ना? मग पैसे कसे भरले, तेवढे सांगा." आगाऊ २०,००० रुपये मी काउंटरवर रोख दिले होते आणि उरलेले ४४,००० यूपीआयने. रोखीने केलेला उपचाराचा खर्च धरला जात नाही; रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, तीही ५,००० रुपयांपर्यंत. त्यामुळे ४४,००० रुपयांचीच वजावट मिळाली, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह माझा ९,१५२ रुपये कर वाचला.

मी आधी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा आकडा 'गंभीर आजार' असे लिहिलेल्या रकान्यात टाकला होता. तो रकाना कलम ८० डीडीबीचा, म्हणजे कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, थॅलेसेमिया अशा नियमात नमूद केलेल्या आजारांचा, आणि त्याला तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन लागते. मोतीबिंदू त्यात बसत नाही. बाईंनी तो आकडा काढायला लावला, आणि बिल व पावत्या विवरणपत्राला जोडायच्या नसल्या तरी जपून ठेवा, असे दोनदा बजावले.

सल्लागाराला माझ्याकडून पाचपैकी पाच गुण आणि संगणकीय प्रश्नावलीला दोन. 'विमा नाही' या उत्तरानंतर 'मग उपचारांवर खर्च झाला का?' एवढा एक प्रश्न जोडावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये ठरली आहे. या वेळी आगाऊ रक्कमसुद्धा यूपीआयनेच भरणार आहे.