अँकीवर रोजचं इंग्रजी: काही महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकू, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. लक्षात ठेवून घेण्याचं काम अँकी हे फ्लॅशकार्डचं (पुढे प्रश्न, मागे उत्तर) सॉफ्टवेअर चोख करतं. शिकवण्याचं काम ते करतच नाही. कुठला शब्द घ्यायचा आणि कुठल्या वाक्यात घ्यायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो. तयार डेक, म्हणजे इतरांनी केलेला कार्डांचा संच, उतरवून नुसती बटणं दाबत राहिलं तर शब्द वाचताना ओळखीचे वाटतात, बोलताना तोंडात येत नाहीत.

डॅमियन एल्म्स यांनी २००६ साली आणलेलं हे सॉफ्टवेअर. कार्ड आठवलं की नाही ते बटण दाबून सांगायचं, त्यावरून ते पुन्हा कधी दाखवायचं हे अँकी ठरवतं. संगणकावर फुकट. अँड्रॉइडवर स्वयंसेवकांनी केलेलं अँकीड्रॉइड, तेही फुकट. आयफोनवरच्या अँकीमोबाइलला मात्र एकदाच २४.९९ डॉलर मोजावे लागतात. नावात अँकी असलेली इतर ॲप्सही दिसतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही, तेव्हा नाव नीट वाचून घ्या. आयफोनसाठी खर्च करायचा नसेल तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते. दिसायला ओबडधोबड आहे, पण भागतं.

आता कार्डांकडे वळू. तयार डेकमध्ये बहुतेक वेळा पुढे एक शब्द आणि मागे त्याचे चार-पाच अर्थ असतात. 'रन' या शब्दाचं असं कार्ड म्हणजे शुद्ध छळ: दोन अर्थ आठवले आणि तीन विसरले तर बटण कुठलं दाबायचं? एका कार्डावर एकच गोष्ट, आणि ती पूर्ण वाक्यात, हा नियम पाळला की निम्मी डोकेदुखी जाते. यासाठी क्लोझ हा कार्डाचा प्रकार उत्तम. वाक्य लिहायचं, हवे ते शब्द निवडायचे, कंट्रोल-शिफ्ट-सी दाबायचं, की तेवढी जागा रिकामी होते. उदाहरणार्थ, 'द मीटिंग हॅज बीन ___ टिल मंडे', उत्तर 'पुट ऑफ'. पण इथे 'पोस्टपोन्ड'ही बरोबरच आहे, आणि बरोबर उत्तर देऊनही चूक ठरलं की माणूस वैतागतो. म्हणून उत्तरानंतर दोन कोलन देऊन तिथेच सूचना लिहावी: 'पुढे ढकलली, दोन शब्द'.

सगळ्यात जास्त कार्डं अडकतात ती अशा जोडक्रियापदांवर. 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' एकाच दिवशी घातली तर तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि महिनाभर सुटत नाहीत. एक पक्कं झाल्यावर दुसरं घालावं, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच' (जळू) अशी खूण करतं. ते तसंच घोटत राहण्यात अर्थ नसतो. वाक्य बदलून नवं कार्ड करावं, किंवा सरळ उडवून टाकावं.

वाक्प्रचारांच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आपल्याकडे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे; इंग्लंडमधल्या रोजच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' जास्त ऐकू येतं. बहुतेक वाक्प्रचार समजले तरी पुरतात, त्यांची कार्डं इंग्रजीकडून अर्थाकडे, एकाच दिशेने. तोंडात बसायला हवेत असे थोडेच: 'इट स्लिप्ड माय माइंड', 'आय ॲम रनिंग लेट', 'लेट्स कॉल इट अ डे', 'प्ले इट बाय इअर'. यांच्यासाठी पुढच्या बाजूला मराठीत प्रसंग लिहावा, जसं 'साहेबांनी सांगितलेलं डोक्यातूनच गेलं, माफी मागायची आहे'. शब्दाला शब्द दिला की शब्दच आठवतो; प्रसंग दिला की वाक्य आठवतं. शब्दकोशातला अनौपचारिक किंवा जुनाट असा शेराही मागच्या बाजूला टिपून ठेवावा. 'किक द बकेट'चा अर्थ मरणं हे बरोबर, पण तो थट्टेचा प्रयोग आहे, सांत्वनाच्या संदेशात कुणी घातला तर पंचाईत.

परदेशी डेकमध्ये सापडणार नाहीत अशी काही कार्डं मराठी माणसाने स्वतःच करायला हवीत. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. आपला 'शी' प्रत्यय तिथे आडवा येतो. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. 'एक्सप्लेन मी' नाही, 'एक्सप्लेन टू मी'. 'प्रीपोन' भारतात बिनधास्त वापरा, पण बाहेरच्या माणसाला 'मूव्ह अप' किंवा 'ब्रिंग फॉरवर्ड' सांगा. आणि 'आय पास्ड आउट इन २०१९' ऐकून अमेरिकन माणसाला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल, तिथे 'ग्रॅज्युएटेड'.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याचा मोह टाळावा. 'वेस्ट' लिहिलं की पश्चिम दिशा आणि बंडी दोन्ही एकच होतात, आणि आघात कुठे द्यायचा तेही कळत नाही. कार्डाच्या टेम्प्लेटमध्ये (मांडणीच्या साच्यात) मागच्या बाजूला टीटीएसची, म्हणजे मजकूर वाचून दाखवण्याच्या सोयीची, एक ओळ घातली की फोन स्वतः वाक्य वाचून दाखवतो. आवाज यांत्रिक असला तरी 'कम्फर्टेबल' म्हणायची सवय मोडायला तेवढा पुरतो.

सेटिंग जसंच्या तसं ठेवू नका. दिवसाला २० नवी कार्डं ही मूळ मर्यादा नोकरी करणाऱ्याला जड जाते. ढोबळ हिशेब असा की रोजची उजळणी नव्या कार्डांच्या सात ते दहा पट होते: २० घेतलीत तर दीडशे-दोनशे. पहिला आठवडा हलका जातो, म्हणून माणूस फसतो. ५ ते ८ बस्स. डेक ऑप्शन्समध्ये एफएसआरएस, म्हणजे उजळणीच्या तारखा ठरवण्याची नवी पद्धत, चालू करा. २०२३ च्या २३.१० आवृत्तीपासून ते आतच आहे आणि जुन्या पद्धतीपेक्षा उजळणीच्या तारखा बऱ्या लावतं. अपेक्षित स्मरण (उजळणीत किती टक्के कार्डं आठवायला हवीत) ९० टक्क्यांवरच राहू द्या, ९५ केलंत तर काम भराभर वाढतं. महिन्यातून एकदा ऑप्टिमाइझ दाबावं. एक पथ्य मात्र कडक: विसरलात तर 'अगेन' हेच बटण. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. विसरूनही दयेपोटी 'हार्ड' दाबत गेलात तर एफएसआरएसचा हिशेबच बिघडतो आणि न येणारी कार्डं लांबच्या तारखांना जातात.

फोन आणि संगणक पहिल्यांदा जोडताना दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असतील तर अपलोड की डाउनलोड असा प्रश्न येतो. ज्या बाजूचं ठेवायचं नाही ती पूर्ण पुसली जाते, तेव्हा आधी एक्स्पोर्ट करून प्रत काढून ठेवा. गणपती-दिवाळीत खंड पडून पाचशे कार्डं साचली तर नवी कार्डं शून्यावर आणा, उजळणीची मर्यादा ८० ठेवा आणि ढीग संपेपर्यंत नवा शब्द घालू नका.