यामाहा एसएक्स ७०० की कॉर्ग पीए ७००? दोन्ही शेजारी लावून वाजवले

मी भावगीतांच्या कार्यक्रमांना वाजवतो, दरवेळी तबला-ढोलकीवाला मिळतोच असं नाही त्यामुळे अरेंजर, म्हणजे ठेका आणि साथ आपोआप देणारा कीबोर्ड, लागतोच. गेल्या आठवड्यात बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो, दोन्ही कीबोर्ड शेजारी शेजारी लावून मागितले आणि दुकानदार काकांनी अजिबात घाई न करता लावून दिले. म्हणाले, डेमो ऐकू नका, तुमचं गाणं वाजवा. अगदी खरंय, डेमोत सगळेच भारी वाजतात.

काळी दोन पट्टीत एक दादऱ्यातलं गाणं घेतलं. यामाहा २०१९ चं मॉडेल, त्याची बासरी आणि सॅक्सोफोन म्हणजे काय सांगू, सूर जोडून वाजवला की मींड घेतल्यासारखं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेल्यासारखं वाटतं, सुपर आर्टिक्युलेशन म्हणतात ते हेच. कॉर्ग २०१७ चा, म्हणजे जुना, पण बेस आणि ड्रम भरीव, मोठ्या स्पीकरवर जास्त खुलतात. अंतऱ्याच्या कॉर्ड, म्हणजे डाव्या हाताने एकत्र धरायचे सूर, एकदा भरून ठेवल्या की डावा हात मोकळा, ही सोय दोघांतही आहे. टचस्क्रीन दोघांनाही. एकाने काही दिलं की दुसऱ्याला द्यावंच लागतं, फायदा आपला.

पण खरा प्रश्न ठेक्याचा. खालच्या रेंजमध्ये कॅसिओने सीटी-एक्स ९००० आयएन आणला, यामाहाचा पीएसआर-आय ५०० आहे, दोन्ही खास भारतासाठी, आपले ताल आणि आपली वाद्यं घालून. घरी रियाजाला उत्तम. मग हीच चुरस वरच्या रेंजमध्ये का नाही? अरबी संगीतासाठी पीए ७०० ची वेगळी ओरिएंटल आवृत्ती निघते, तशी लावणीची ढोलकी, भजनी ठेका, नीट वाजणारा केरवा घालून आपल्यासाठी कुणीतरी काढा ना, घेणारे इथे भरपूर आहेत!

आणि एक, यामाहाच्या स्टाईल, म्हणजे ठेका आणि साथीचे तयार नमुने, कॉर्गवर थेट चालत नाहीत, बरीच वर्षं एकाच कंपनीवर साठवलं असेल तर बदलताना शंभरदा विचार करा.

मी कॉर्ग घेतला. सोलो वाजवणाऱ्याने डोळे झाकून यामाहा घ्यावा, बासरीसाठी माझाही जीव अडकला होता. पण मला गायकाच्या मागे साथ करायचीय, आणि दादऱ्याची स्टाईल उघडून त्यातला ड्रमचा ट्रॅक बदलायला कॉर्गवर माझा हात दहा मिनिटांत बसला.